सर्व्हर बंद करू नका, सर

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला दरोडा कुठल्या ठाण्यातला, हे सांगताना मी चुकतो आणि बायको दुरुस्त करते. ही एक घटना मात्र जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की अजूनही बरं वाटत नाही. यात खून नाही, पाठलाग नाही. एका खोलीत गुरगुरणारं यंत्र आहे आणि त्या यंत्रापाशी बसणारा एक माणूस. नावं कुणाचीच सांगणार नाही. संस्थेचं नावही सांगणार नाही. वऱ्हाडातले जाणते ओळखतील, त्यांनी ओळखून गप्प बसावं.

मी स्वभावाने संशयी. भाजीवाल्याने दोन मिरच्या फुकट टाकल्या तरी मला वाटतं, आतली भेंडी जून असणार. घरात यावरून माझी चिक्कार टिंगल होते. पण पोलीस खात्यात हा दुर्गुण नसून भांडवल आहे, असं मी नोकरीभर मानत आलो. समोरचा खोटं बोलतो आहे असं धरून चाला, खरा असेल तर आपोआप सुटेल, असं मी हाताखालच्या लोकांना शिकवायचो. त्यांनाही ते पटायचं.

निवृत्तीला तीनेक वर्षं उरली असताना मला सायबरचं काम दिलं गेलं. कॉम्प्युटरबद्दल मला एवढंच माहीत होतं की तो तापतो आणि त्याला पंखा लागतो. हाताखाली एक पीएसआय बाई होत्या, अकोल्याच्या. इंजिनिअरिंग करून खात्यात आलेल्या. बोलणं कमी, आणि स्वतः तपासल्याशिवाय कुठल्याही गोष्टीला 'हो सर' म्हणायच्या नाहीत. सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा.

एका सोमवारी सकाळी अकोल्याकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेले. मुलगी बी.एड. झालेली. तिला मेलवर अमरावतीच्या एका मोठ्या शिक्षण संस्थेचं नियुक्तीपत्र आलं होतं. नोंदणीची फी भरा आणि मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हा, असं त्यात लिहिलेलं. त्याप्रमाणे बापलेक पेढ्यांचा पुडा घेऊन संस्थेत हजर झाले. तिथल्या शिपायाने कागद पाहिला आणि म्हणाला, सकाळपासून तुमी सातवे.

"साहेब, पत्र खोटं हाये मनतात," ते मला म्हणाले. "मंग ते त्याइच्याच मेलवरून कसं आलं? माही पोरगी शिकेल हाये. नाव पाहूनच भरली न तिनं फी."

मुलगी खाली मान घालून बसली होती. पेढ्यांचा पुडा अजून तिच्या मांडीवर होता. तो पाहून मला राग आला, आणि राग आला की मला घाई होते.

बाईंनी मुलीचा मेल उघडला आणि तो कुठून कुठून फिरत आला याचा माग काढला. प्रत्येक मेलच्या पोटात असा माग लिहिलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मेल खरोखरच त्या संस्थेच्या मेल सर्व्हरवरून निघाला होता. त्याआधी एका परदेशी पत्त्याची ओळ होती. बाई त्या ओळीपाशी अडून बसल्या. मी विचारलं, ही ओळ कोण लिहितं? त्या म्हणाल्या, संस्थेचा सर्व्हरच लिहितो. आणि सर्व्हर कुणाच्या ताब्यात? तिथल्या ऑपरेटरच्या. मग त्यानेच लिहिली असेल, मी म्हटलं, चोर आपल्या घराकडे बोट दाखवत नाही. बाई 'हो सर' म्हणाल्या नाहीत.

संस्थेचं मुख्य कार्यालय राजापेठेत, ट्यूशन क्लासेसच्या गर्दीत. दुसऱ्या मजल्यावर एसी लावलेली एक छोटी खोली, त्यात यंत्र. ऑपरेटर पस्तिशीचा, अचलपूरचा, सडपातळ माणूस. शर्टाच्या खिशात दोन पेनं. आम्ही आत शिरलो तसा तो उभा राहिला आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत बसला नाही. मी ते लिहून ठेवलं. निर्दोष माणूस थोड्या वेळाने बसतो, असा माझा अनुभव होता. संस्थेच्या सचिवांनी तक्रार कानावर येताच सर्व्हरची बाहेर जाणारी केबल स्वतःच्या हाताने उपसून ठेवली होती आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता.

मी शिपायांना म्हटलं, उचला सगळं. जप्ती म्हणजे उचलणं, हे आमचं ठरलेलं. एकाने लगेच पडदा उचलला, म्हणजे मॉनिटर, ज्यात काहीच नसतं. दुसऱ्याने प्लगला हात घातला.

"सर्व्हर बंद करू नका, सर," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शिपायाचा हात थांबला. "आत जे चाललंय ते बंद केल्यावर परत दिसणार नाही. खोलीला सील करू. यंत्र चालू राहू द्या."

चारचौघांत मला असं अडवलेलं आवडलं नाही. तरी सील केली, कारण यंत्र ठाण्यात नेलं तर ठेवायला थंड खोली नव्हती. खरं कारण तेवढंच. पुढे लोकांनी माझ्या सावधगिरीचं कौतुक केलं, ते मी निमूट ऐकून घेतलं.

सील करण्याआधी बाईंनी यंत्रातली नियमांची फाईल तपासली. ती समजावताना त्यांनी माझ्याच भाषेत सांगितलं. मेल सर्व्हर म्हणजे कार्यालयातला आवक-जावकचा कारकून. बाहेरून आपल्या माणसाच्या नावाने आलेलं टपाल त्याने घ्यायचं. पण बाहेर पाठवायचं टपाल फक्त आपल्याच माणसांकडून घ्यायचं. रस्त्यावरचा कुणीही आला, गठ्ठा टाकून म्हणाला हे गावभर वाटा, तर कारकुनाने त्याला हाकललं पाहिजे. हाकललं नाही तर त्या गठ्ठ्यावर संस्थेचा जावक शिक्का बसतो आणि गाव त्यावर विश्वास ठेवतं. म्हणून असं यंत्र पहिल्या दिवसापासून परक्यांना बंद ठेवायचं असतं. आपल्या आवारातल्या यंत्रांची यादी फाईलमध्ये लिहायची, बाकी सगळ्यांना नकार.

फाईलमध्ये यादी होती आणि ती बरोबर होती. मुख्य कार्यालय आणि शाखा, एवढेच पत्ते. बाहेरून पासवर्ड देऊन पाठवायची सोय तिथे केलेलीच नव्हती. म्हणजे रस्त्यावरचा माणूस आत येऊच शकत नव्हता. म्हणजे गठ्ठा आतल्याच माणसाने टाकला. शिवाय फाईलला शेवटचा हात लागला होता तो खोटे मेल सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी. आणि कुणी कधी मेल पाठवला याच्या ज्या नोंदी यंत्र ठेवतं, त्या सगळ्या पुसलेल्या. पुसून वर नोंदी ठेवायचंच बंद केलेलं.

मला आणखी काय हवं होतं? त्याच संध्याकाळी ठाण्याचं लिखाण सांभाळणाऱ्या रायटरने संस्थेला द्यायचं पत्र सहीला आणलं. 'सदर संशयित इसमाचा सेवा तपशील मिळावा.' मजकूर ठरलेला, फक्त नाव भरायचं. मी सही केली, हवालदाराच्या हाती पाठवलं, जावकला नोंद झाली. दोन मिनिटांचं काम होतं.

ऑपरेटरला समजपत्र देऊन बोलावलं. सकाळी दहाला यायचा, संध्याकाळी जायचा, असे तीन दिवस. मी आयुष्यात कुणाला हात न लावता बोलतं केलं आहे. माझी पद्धत साधी. चहा द्यायचा आणि तो निवेपर्यंत काही विचारायचं नाही. माणूस गप्प बसून कंटाळतो आणि स्वतःच सुरू होतो. हा सुरू झाला, पण भलत्याच ठिकाणी.

"साहेब, संस्थेत काई लेखी धाडलं काय?"

"काहून?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"या महिन्यात समितीची बैठक हाये. सात वर्षं झाले मले टेम्पररी. यंदा कायम करून राहिले."

मला वाटलं, बघा, शेकडो पोरं फसली त्याचं काही नाही, याला स्वतःच्या ऑर्डरची पडली आहे. मी पत्राबद्दल काहीच बोललो नाही.

नोंदी का पुसल्या, विचारलं. "डिस्क भरून राहिली होती साहेब. मेलचा ढीग येऊन राहिला होता, कायचा ते समजेना. जागा केली." मग कुणाला का नाही सांगितलं? "कोणाले सांगू? सचिव साहेबाले कॉम्प्युटरचं सांगतलं की ते मनतात, तुले कायले ठेवलं हाये?" फाईलला हात का लावला, विचारलं. इथे तो थांबला. मेल सुरू होण्याच्या दोन दिवस आधीची दुपार मी त्याला तासातासाने सांगायला लावली. जेवण सांगितलं, झेरॉक्स मशीन बिघडल्याचं सांगितलं, सहाला घरी निघाल्याचं सांगितलं. चार ते साडेपाच मात्र नुसतं "काम करून राहिलो होतो". तिसऱ्या दिवशीही तेच. त्या दीड तासापाशी आलं की त्याची नजर टेबलावरच्या कपाकडे जायची.

बाईंनी फोनचे तपशील मागवले. त्या दीड तासात त्याला एकाच नंबरवरून नऊ फोन आले होते. नंबर धारणीचा. मी हात चोळले. जोडीदार सापडला होता.

परतवाड्यापासून पुढे घाट लागतो. सेमाडोहच्या वळणांवर जीप हळू चालवावी लागते, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो, आणि मी सगळा वेळ धारणीत कुणाला बेड्या घालायच्या याचाच विचार केला. नंबर निघाला संस्थेच्या तिथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर बाईंचा. साठीच्या घरातल्या, पांढरी वेणी, डोळ्यांवर जाड चष्मा. मी पोलीस म्हटल्यावर त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"नऊ फोन कशासाठी केले?" मी विचारलं.

"नऊच काहून, नव्वद केले असते," त्या म्हणाल्या. "अडतीस पोरीइचे स्कॉलरशिपचे फारम होते. कोरकू पोरी हायेत माह्या, दाखले उशिरा हाती आले. तारीख त्याच दिवशी सरत होती. अन् सकाळी रस्ता खोदला, केबल तुटली. डोंगल लावून मेल धाडले तं तुमचं ते अमरावतीचं यंत्र घेईच ना. दर खेपेले वापस."

"दुसऱ्या मेलवरून पाठवायचे."

"संस्थेच्या मेलवरूनच पायजे होते. तसा कागदच आलता. मंग म्या त्याले फोन केला. मी रडली, साहेब. या वयात रडली फोनवर. तो मने, बाई, थांबा, करतो काई तरी. अन् अर्ध्या घंट्यात गेले मेल. अडतीसच्या अडतीस." मग त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "त्याच्यासाठी पकडून राहिले काय तुमी त्याले?"

मी विचारलं, त्याने हे मला तीन दिवसांत का नाही सांगितलं?

"माहं नाव सचिवाच्या कानावर जाईन म्हणून नसंन सांगतलं. अन् लेखी परवानगीशिवाय यंत्राले हात लावाचा नाई, असा रूल हाये त्याइचा. सांगून कायम होते काय कोणी?"

रेक्टर बाई खरं बोलत होत्या हे मला कळत होतं. तरी परतीच्या घाटात माझं डोकं पुन्हा आपल्या जागी आलं. त्याने एक दिवस दार उघडलं, ठीक. पण संध्याकाळी ते लावून घेतलं होतं, फाईल तसं सांगत होती. खोटे मेल दोन दिवसांनी सुरू झाले आणि आठवडाभर चालले. मग बंद दारातून ते गेले कसे? उलट आता मला वाटायला लागलं, याच गडबडीत त्याला कळलं असेल की यंत्राशी काय काय करता येतं.

ठाण्यात आलो आणि बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. "सर, दार उघडलं कसं, ते त्याला विचारू."

ऑपरेटरला बोलावलं. मी म्हटलं, धारणीला जाऊन आलो. एवढ्यानेच त्याचा चेहरा उतरला आणि तो भडाभडा बोलायला लागला. डोंगलचा पत्ता दर वेळी बदलत होता, म्हणून यादीत लिहिता येईना. शेवटी त्याने यादीत एक ओळ टाकली, तिचा अर्थ होतो सगळं जग आपल्या आवारातलं आहे. यंत्राला नवा नियम वाचायला लावलं. मेल गेले. साडेपाचला ती ओळ खोडली आणि घरी गेला.

"रेक्टर बाईंनी तुम्हाला स्वतःच्या मेलवरून फॉर्म पाठवले असते, तर तुम्हीच इथून पाठवू शकला असता," बाई म्हणाल्या.

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. "हाव मॅडम. सुचलंच नाई. मी घड्याळ पाहून राहिलो होतो."

"ओळ खोडल्यावर यंत्राला पुन्हा वाचायला लावलं?"

"ओळ तं खोडली होती मॅडम," तो म्हणाला. बाईंनी मला बाजूला घेतलं. त्या यंत्रावरचं जुनं सॉफ्टवेअर फाईल एकदाच वाचतं, सुरू होताना. नंतर फाईलमध्ये काहीही लिहा, पुन्हा सुरू केल्याशिवाय त्याला पत्ता नसतो. म्हणजे परिपत्रक फाईलला लागलं, पण गेटवरच्या शिपायाला कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा जुन्याच हुकमाने सगळ्यांना आत सोडतो आहे. अशी उघडी यंत्रं शोधत जगभर टोळ्या फिरत असतात आणि दोन दिवसांत त्यांना सापडतातही.

"सर, मी त्या दिवशी फाईल पाहिली. चालू यंत्र काय करतंय ते पाहिलंच नाही," बाई म्हणाल्या. "माझी चूक."

चूक एवढ्या सहज कबूल करणारा अधिकारी मी खात्यात क्वचितच पाहिला होता. मग मला एकदम वेगळंच सुचलं. त्या दिवशी शिपायाने प्लग ओढला असता, तर पुढे कधीही चालू केल्यावर यंत्राने नवी फाईल वाचली असती. दार बंद दिसलं असतं. कोर्टात मी शपथेवर सांगितलं असतं की यंत्राचं दार बंद होतं, बाहेरचा आत येऊच शकत नव्हता. आणि तो माणूस तुरुंगात गेला असता. एका प्लगवर गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता चाचणी ठेवली. सील काढलं, आधी आतल्या सगळ्याची नक्कल करून घेतली. दोन पंच घेतले, खालचा चहावाला आणि समोरच्या क्लासमधले गणिताचे सर. एक शिपाई वर केबलपाशी. आम्ही बाकीचे रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर, बाईंचा लॅपटॉप त्यांच्या मोबाईलच्या नेटवर. ऑपरेटरही होता. त्याला मी यंत्रापासून लांब, माझ्या शेजारी उभा केला. तेव्हाही माझा संशय पुरता गेला नव्हता.

केबल लागली. बाईंनी संस्थेच्या सर्व्हरमार्फत एक मेल सोडला. पाठवणाऱ्याचं नाव माझं, घेणाऱ्याचंही माझं. मजकूर, 'मी उद्यापासून रजेवर जात आहे.' चहा हातात यायच्या आत माझा मोबाईल वाजला. माझंच पत्र मला आलं होतं, वर संस्थेचा शिक्का.

"अरे बाप्पा," गणिताचे सर म्हणाले. "साहेब, तुमी तं इथंच उभे हा!"

मग पंचांसमक्ष ऑपरेटरला वर नेलं. त्याने यंत्राला फाईल पुन्हा वाचायला लावली. एक ओळ टाईप करायची, दोन सेकंदांचं काम. खाली बाईंनी पुन्हा तोच मेल सोडला. या वेळी पडद्यावर आलं, नाकारले. तिसऱ्यांदाही नाकारले. इतके दिवस उघडं असलेलं दार दोन सेकंदांत लागलं होतं.

मी वर गेलो तेव्हा तो जमिनीवर बसला होता. त्या खोलीत पहिल्यांदाच त्याला बसलेला पाहत होतो. "म्या तं लावलं होतं साहेब," तो सारखा म्हणत होता. "म्या तं लावलं होतं." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पंचनामा लिहायला रायटरला दोन तास लागले, कारण 'चालू यंत्र' आणि 'कागदावरचा नियम' वेगळे कसे असतात ते त्याच्या नमुन्यात बसेना.

इथपर्यंत ही तपासाची गोष्ट आहे, आणि बऱ्याच सभांमधून मी ती इथपर्यंतच सांगितली आहे. लोक टाळ्या वाजवतात. पुढचं आता सांगतो.

त्याच दिवशी मी संस्थेला दुसरं पत्र लिहायला हवं होतं. सदर इसम संशयित नसून साक्षीदार आहे, पहिल्या पत्रातला शब्द घाईने गेला. मसुदा मी स्वतः लिहिला. वरिष्ठांना दाखवला. त्यांनी वाचून तो हळूच माझ्याकडे सरकवला.

"घाईने गेला असं लिहून देताय? उद्या वकील हाच कागद नाचवेल. शेवटच्या अहवालात येईलच सगळं. थांबा की."

ते वाईट हेतूने बोलले नाहीत. आणि खरं सांगतो, मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं. माझ्या नोकरीच्या कागदात एकही ठपका नव्हता. तीन वर्षांसाठी कशाला लावून घ्यायचा? मी मसुदा ड्रॉवरमध्ये ठेवला. मनाला समजावलं, तो खरा आहे, आपोआप सुटेल.

ऑपरेटर एकदा ठाण्यात आला. आत आला नाही, व्हरांड्यात उभा राहिला. "साहेब, एक ओळ लिहून देता काय? शुक्रवारी बैठक हाये." मी म्हटलं, चालू आहे, कार्यवाही चालू आहे. आयुष्यभर लोकांना मी हे वाक्य सांगत आलो आहे. त्याने नमस्कार केला आणि गेला. बाई आपल्या टेबलावरून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पत्राचा मसुदा टाईप करून माझ्या फाईलवर ठेवला, सहीची जागा सोडून. तो तसाच पडून राहिला.

अकरा दिवसांनी मी सही केली. समितीची बैठक नवव्या दिवशी होऊन गेली होती. समितीसमोर माझं पहिलं पत्र होतं, शिक्क्यासह. ज्याच्यावर पोलिसांचा संशय त्याला कायम कसं करायचं, असं सचिवांनी विचारलं आणि विषय पुढे ढकलला. पुढच्या बैठकीपर्यंत संस्थेने मेलचं काम एका बाहेरच्या कंपनीला देऊन टाकलं. यंत्रच राहिलं नाही, मग यंत्र सांभाळणारा कशाला? त्याची मुदत वाढवली नाही, इतकंच. कुणी त्याला काढलं नाही आणि कुणावर ठपकाही आला नाही.

गुन्हेगार सापडले नाहीत. माग तीन देशांतून फिरून संपला आणि प्रकरण 'अ' समरीत गेलं, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मिळून आला नाही. कंडक्टर गृहस्थांच्या मुलीची कागदपत्रं तिच्याजवळच होती, एवढं एक बरं झालं. धारणीच्या अडतीस मुलींची स्कॉलरशिप आली, हे मला रेक्टर बाईंनी फोन करून सांगितलं. ऑपरेटरचं काय झालं, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत असणार.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. यंत्राने अनोळखी माणसाला आधी नकारच द्यावा, हे बाईंनी शिकवलं आणि ते बरोबर आहे. यंत्राला लाज नसते. चूक दिसली की दोन सेकंदांत दुरुस्त होते. माणूस लहानशी चूक लपवायला जातो आणि मोठा गुन्हेगार दिसायला लागतो, हे त्या ऑपरेटरच्या दीड तासावरून मला कळलं होतं. तेच मी स्वतः अकरा दिवस केलं, आणि मला कुणी तीन दिवस बसवून विचारलं नाही. मी चांगला अधिकारी होतो असं लोक म्हणतात. या एका बाबतीत मी नव्हतो.

निवृत्त झाल्यावर एकदा अचलपूरला गेलो. एसटीने, मुद्दाम. त्याने तिथे ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान टाकलं आहे असं ऐकलं होतं. दुकान सापडलं. बाहेर सातबारा आणि दाखल्यांसाठी आलेले लोक बाकावर बसलेले. तो नव्हता, प्रिंटरची शाई आणायला परतवाड्याला गेला होता. कॉम्प्युटरवर त्याची बायको बसली होती. मी नाव सांगितलं, अमरावतीहून आलो म्हटलं, त्याला भेटायचं आहे म्हटलं.

तिने टायपिंग थांबवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"पत्र धाडणारे साहेब तुमीच काय?"

मी हो म्हणालो. पहिलं पत्र की दुसरं, ते मी विचारलं नाही. तिने शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली, आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि बाकावरच्या पुढच्या माणसाला म्हणाली, "या भाऊ, तुमचा नंबर."